नानांचा कप्पा

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी विमलमावशींनी नानांच्या गळ्यातली नळी साफ केली, उशी सारखी केली आणि रोजचा प्रश्न विचारला, "नाना, झोप लागली का?"

उशाशी ठेवलेली पेटी गप्प राहिली. मावशींनी आणखी एकदा विचारलं आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "तेजू वं, तुझे वडील रुसले बघ. नाहीतर ही पेटी तरी."

तेजल भारंबे चहाचा कप हातात घेऊनच आली. पेटीवरचा हिरवा दिवा चालू होता. म्हणजे वीज होती आणि नानांच्या डोक्यातली जाळीही जोडलेली होती. तरी शब्द येत नव्हता.

"बंद करून चालू करून बघितलं का? आमच्या मिक्सरचं मी तेच करते."

"हा मिक्सर नाही, मावशी."

"मला माहीत आहे. मिक्सर निदान आवाज तरी करतो."

अकरा वाजता तडवी साहेब येणार होते, म्हणून तेजल हसली नाही.

प्रल्हाद भारंबे, म्हणजे नाना, एकतीस वर्षं रेल्वेत स्टेशन मास्तर होते. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांच्या हातातून चहाचा कप निसटू लागला. नसांच्या त्या आजाराने आधी हात नेले, मग पाय, मग जीभ, मग श्वास, आणि शेवटी पापण्याही. कान आणि बुद्धी मात्र शाबूत राहिली. श्वासाचं काम यंत्राने घेतलं. बोलण्याचं काम दीड वर्षापूर्वी या पेटीने घेतलं.

तिचं तत्त्व सोपं आहे. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा एक भाग जिभेला आणि ओठांना हुकूम सोडतो. जीभ लुळी असली तरी हुकूम सुटतोच. मेंदूवर पसरलेली केसाहून बारीक तारांची जाळी तो हुकूम टिपते, पेटी त्याचा आकार ओळखते आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेल्या त्या माणसाच्याच आवाजात शब्द उच्चारते. नानांना एका शब्दाला आठ-दहा सेकंद लागत. भुसावळच्या त्या खोलीत तेवढं थांबायला कुणाची हरकत नव्हती.

हरकत होती ती कायद्याची. श्वासयंत्रावरच्या माणसाला आता दर महिन्याला विचारावं लागतं, यंत्र चालू ठेवायचं का. नोंदणी अधिकारी घरी येतो, प्रश्न तीनदा वाचतो, दरवेळी साठ सेकंद थांबतो आणि उत्तर लिहून घेतो. भुसावळ तालुक्यात हे काम अकील तडवींकडे होतं, आणि आज एप्रिलची जबानी होती.

तेजलने कीबोर्ड जोडला. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकू लागली. हे तिचं रोजचंच काम होतं. रावेर-सावदा भागातल्या केळी पिकवण्याच्या शीतगृहांची संगणक-व्यवस्था ती घरबसल्या सांभाळायची. तिने पेटीत काय काय आहे ते दाखवणारी सगळ्यांत साधी, दोन अक्षरांची आज्ञा दिली.

आज्ञा सापडली नाही.

तिने अक्षरं तपासली. बरोबर होती. फाईल उघडायची आज्ञा दिली, तारखेची दिली. दोन्हींना तेच उत्तर आलं. नवशिका इथे घाबरतो, त्याला वाटतं सगळं पुसलं गेलं. तेजल घाबरली नाही. तिने टंकलेलं वाक्य जसंच्या तसं परत दाखवणारी आज्ञा दिली, ती चालली. तेव्हा तिला दुखणं कळलं.

पडद्यामागे एक कारकून बसलेला असतो असं समजावं. दोन-चार गोष्टी त्याला तोंडपाठ असतात, त्या तो स्वतःच करतो. बाकीची प्रत्येक आज्ञा म्हणजे कुठल्या तरी कप्प्यात ठेवलेला छोटा प्रोग्राम. कारकुनाजवळ कप्प्यांची यादी असते. तो यादीतल्या पहिल्या कप्प्यात बघतो, नसेल तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथेच थांबतो आणि तेच चालवतो. यादीच बिघडली तर सगळ्या आज्ञा आपापल्या जागी सुखरूप असतात, फक्त त्याला सापडत नाहीत. अशा वेळी नुसतं नाव न देता पूर्ण पत्ता द्यायचा. अमुक कप्प्यातली अमुक आज्ञा. मग यादी लागत नाही.

तिने पूर्ण पत्ता दिला. पडदा फाईलींच्या नावांनी भरून गेला.

"आली का वाचा?" मावशींनी विचारलं.

"येईल. यादी गेली आहे फक्त. पहाटे कंपनीकडून काहीतरी दुरुस्ती उतरलेली दिसते."

पेटी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. तिची मालमत्ता घेणारे लोक फोन उचलत नसत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या आपोआप येत. तेजलने पेटी सुरू होताना वाचली जाणारी फाईल उघडली. कप्प्यांची यादी तिथेच लिहिलेली असते. दुरुस्तीला तिथे एक अनोळखी ओळ आढळली होती. ती दुरुस्तीनेच रद्द केली होती आणि यादीत स्वतःचा एकच कप्पा उरू दिला होता.

रद्द झालेली ओळ खाली तशीच दिसत होती. तिच्या शेवटी टीप होती: तात्पुरतं. ऑगस्टची जबानी झाली की काढणे. ते.

'ते' म्हणजे तेजल. ती ओळ तिनेच लिहिली होती.

तिने कप खाली ठेवला.

पेटीत प्रत्येक शब्द ही एक आज्ञाच होती, आणि शब्दांचे दोन कप्पे होते. एक नानांचा. त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी शेकडो वेळा मनात उच्चारून पेटीला शिकवला होता. दुसरा कंपनीने भरून दिलेला तयार कप्पा. त्यात हजारो रुग्णांच्या बोलण्यावरून काढलेले अंदाज होते. समोरच्याचा प्रश्न ऐकायचा, हुकुमाची नुसती सुरुवात टिपायची आणि बहुतेक लोक काय म्हणतील ते दोन सेकंदांत बोलून टाकायचं. 'हो', 'नको', 'पाणी' दोन्ही कप्प्यांत होते, आणि आवाज दोन्हीकडे नानांचाच होता. यादीत नानांचा कप्पा आधी होता.

जुलैत नानांचं 'हो' तिसऱ्या वेळच्या सत्तराव्या सेकंदाला आलं. तडवींनी नाइलाजाने 'उत्तर नाही' असं लिहिलं. लागोपाठ दोनदा तसं झालं तर फाईल नाशिकच्या समितीकडे जाणार होती. समिती काय करील या धास्तीने तेजलला तीन आठवडे झोप नव्हती. ऑगस्टच्या जबानीच्या आदल्या दिवशी तिने यादीची उलटापालट केली. तयार कप्पा आधी, नानांचा मागे. फक्त तेवढ्या एका दिवसापुरतं.

दुसऱ्या दिवशी दोन सेकंदांत 'हो' आलं. तडवी पेढा खाऊन गेले. त्या गडबडीत ओळ तशीच राहिली, आणि पुढे नाना भराभर बोलतात याची सगळ्यांना इतकी सवय झाली की ती ओळ कुणाला आठवलीच नाही.

एक गोष्ट मात्र तिला तेव्हाही खटकली होती. दोन स्टेशन मास्तर फोनवरून गाडीची देवघेव करतात तेव्हा नुसत्या 'हो'ला किंमत नसते. प्रत्येकाजवळ दोन अंकी आकड्यांचा एक कागद असतो. आश्वासन देताना त्यातला एक आकडा सांगायचा, समोरच्याने तो लिहून घ्यायचा, आणि तो आकडा कागदावरून खोडायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. नंबर मिळाला नाही तर गाडी जागची हलत नाही. नाना लघवीला जातानाही तो कागद खिशात घालून जात. सहायकाने एकदा गमतीत म्हटलं होतं, "साहेब, मी देतो ना तुमच्या वतीने नंबर." नाना त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. पेटीतून बोलू लागल्यावरही त्यांची सवय गेली नाही. "हो. चौतीस." "जेवण नको. अठ्ठ्याऐंशी." एका शब्दाला दहा सेकंद लागत असताना आकड्यासाठी आणखी दहा सेकंद घालवायचे, म्हणून तेजल कुरकुर करायची.

ऑगस्टपासून आकडे बंद झाले होते. नाना थकले, असं तिने धरलं होतं. खरं तर तिला बरंच वाटलं होतं.

आता तिने नोंदवही उघडली. जाळीने टिपलेला प्रत्येक हुकूम पेटी दोन्ही कप्प्यांशी ताडून बघत असे आणि दोन्ही निकाल लिहून ठेवत असे. बोलत मात्र असे पहिल्या कप्प्यातलं. एवढ्या महिन्यांत ही वही उघडायचं कारण पडलं नव्हतं.

सतरा ऑगस्ट. प्रश्न: श्वासयंत्र चालू ठेवायचं का? बोललेलं उत्तर: हो. नानांचा कप्पा: नको. बेचाळीस.

सप्टेंबर. बोललेलं: हो. नानांचा कप्पा: नको. सत्तावीस.

ऑक्टोबर. बोललेलं: हो. नानांचा कप्पा: नको. नको. नको. एकसष्ट.

नोव्हेंबरच्या जबानीत नुसता आकडा होता. नऊ डिसेंबरला दुपारी कुणी काही विचारलेलं नसताना एक शब्द नोंदला गेला होता: तेजल. त्यावर तयार कप्प्याने 'पाणी' म्हटलं होतं, आणि तिने पोटाच्या नळीतून पाणी सोडलं होतं.

त्यापुढे नानांच्या कप्प्याचा रकाना मोकळा होता. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. तयार कप्पा मात्र बोलत राहिला होता. त्याला हुकूम लागत नव्हता, नसेची एखादी थरथरही पुरत होती.

जुलैत ते 'हो' म्हणाले होते, ऑगस्टमध्ये 'नको'. मधे काय झालं हे तिला शोधावं लागलं नाही. दोन ऑगस्टला याच पलंगाशी उभी राहून ती बडोद्याला नवऱ्याशी फोनवर बोलली होती. "गिरीश, नाना आहेत तोवर मी येणार नाही. तुला थांबायचं तर थांब." गिरीश थांबला नाही. नानांना ऐकू येतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"काय झालं वं?" मावशी जवळ आल्या. "तोंड पांढरं पडलं तुझं."

"काही नाही. मावशी, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा."

तिने यादी नीट लिहिली. नानांचा कप्पा आधी, तयार कप्पा यादीतून बाहेर. पेटी पुन्हा सुरू केली. साध्या आज्ञा एकेक करून चालवून बघितल्या, सगळ्या चालल्या. मग खुर्ची पलंगाशी ओढून बसली.

"नाना, मी तेजल. पेटी चुकीचं बोलत होती. माझ्यामुळे. आता नीट केली आहे. तुम्हाला काय म्हणायचं आहे ते म्हणा. मी थांबते."

पाच मिनिटं गेली. जाळीची रेषा सपाट होती. तारा शाबूत होत्या, मेंदू जागा होता. फक्त कुणी बोलायला निघत नव्हतं.

जाळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हे बजावलं होतं. हुकूम सोडला आणि त्याप्रमाणे घडलं, तरच मेंदू पुन्हा हुकूम सोडतो. सोडलेला हुकूम दरवेळी वाया गेला, किंवा भलतंच घडलं, तर काही महिन्यांत तो सोडणंच थांबवतो. त्या पेशी मरत नाहीत, आपलं काम सोडून देतात. पुन्हा कामाला लागतील की नाही हे कुणी सांगू शकत नाही. "म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत द्या," असं त्या म्हणाल्या होत्या.

तिने पुण्याला भावाला फोन लावला. निशांतशी ती सप्टेंबरपासून धड बोलली नव्हती. तेव्हा तो म्हणाला होता, "तेजू, नानांचे हाल होताहेत, मला दिसतंय." त्यावर ती म्हणाली होती, "नाना स्वतः 'हो' म्हणतात. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का? बापाला मारायची एवढी घाई?" ते शेवटचं वाक्य त्याच्या बायकोने, पोरांनी, सगळ्यांनी ऐकलं होतं.

तिने सगळं सांगितलं. आकड्यांसकट.



"मी दिवाळीला आलो होतो," निशांत म्हणाला. "मी त्यांना विचारलं, नाना, माझ्यावर रागावलात का. ते 'हो' म्हणाले."

"ते त्यांचं नव्हतं."

"मला आत्ता कळतंय ना ते. आत्ता."

"निशांत..."

"तू अर्धवट कामं करणारी नव्हतीस गं. शाळेत माझ्या वह्यांना कव्हरं घातलीस तर कोपरे चार-चार वेळा दुमडायचीस." त्याचा आवाज चढला नाही. "तडवी किती वाजता येणार?"

"अकराला."

"खरं सांग त्यांना. आणि मग मला सांग, त्याने काय झालं."

तडवी वेळेवर आले. रुमालाने मान पुसत, उन्हाला शिव्या देत बसले. "ताई, त्रेचाळीस डिग्री. आमचा यावलचा डोंगर सुद्धा सावली मागत असेल." पाणी प्याले. मग तेजलने वही पुढे केली आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. चष्मा लावून सगळ्या तारखा वाचल्या.

"मी हे लिहून घ्यायचं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लिहिलं तर फेरफार केल्याबद्दल पेटीची चालक म्हणून तुमचं नाव काढतील. दुसरा कुणी नेमतील. नाशिकहून कधी येईल, कोण येईल, देव जाणे."

"पण त्यांनी 'नको' म्हटलं आहे. तीनदा. आकडा देऊन."

"म्हटलं नाही, ताई. मनात आणलं." तडवी हळू बोलत होते, दुखणाऱ्या जागेवर हात ठेवावा तसे. "कायद्यात हेच आहे. जाळीने टिपलेलं म्हणजे विचार. विचार माणूस घडीघडीला बदलतो. उच्चार झाला की तो निर्णय. मला उच्चार लागतो. ऑगस्टपासून बोललेली उत्तरं आठ आहेत, आठही 'हो'."

"आणि आज बोलले नाहीत तर?"

"तर 'उत्तर नाही'. पुढच्या महिन्यातही नाही, तर समिती. समिती आधीच्या जबान्या बघते. इतक्या 'हो' असल्यावर यंत्र कोण बंद करील? चालूच ठेवतात. आजवर एकदाही बंद केलेलं मी बघितलं नाही."

तेजलने त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे जुलैत फाईल गेली असती तरी?"

"चालूच ठेवलं असतं. तुम्ही मला विचारायचं होतं, ताई."

तिने ऑगस्टमध्ये त्यांना पेढा दिला होता. विचारलं काहीच नव्हतं.

तडवींनी कागद काढला, घड्याळ पलंगावर ठेवलं. "प्रल्हाद रामदास भारंबे, श्वासयंत्र चालू ठेवायचं का? पहिली वेळ."

श्वासयंत्राचा भाता वर गेला, खाली आला. तेजलच्या मांडीवर कीबोर्ड होता. पडदा तिच्याकडे वळलेला होता, तडवींना तो दिसत नव्हता. यादी लागत नव्हती, नानांचा हुकूमही लागत नव्हता. पूर्ण पत्ता पुरेसा होता: नानांचा कप्पा, त्यातला 'नको'. तिने तो टंकला. एक कळ दाबली की नानांच्या आवाजात, नानांनीच शिकवलेला, नानांनी तीनदा म्हटलेला शब्द खोलीत येणार होता. उच्चार होणार होता.

साठ सेकंद झाले.

"दुसरी वेळ. श्वासयंत्र चालू ठेवायचं का?"

शब्द त्यांचा होता, याबद्दल तिला शंका नव्हती. पण तो ऑगस्टचा होता, आणि एप्रिलमध्ये त्यांना काय हवं हे तिला ठाऊक नव्हतं. आठ महिने त्यांच्या वतीने कुणीतरी बोललं होतं. आज ती बोलली असती तर नऊ झाले असते.

तिने अक्षरं मागून एकेक पुसली. शेवटचं अक्षर जाईपर्यंत तिसरी वेळ सुरू झाली होती.

तडवींनी 'उत्तर नाही' असं लिहिलं. खाली तेजलची कबुली तिच्याच शब्दांत उतरवली, सही घेतली. दाराशी थांबून म्हणाले, "नवीन चालक यायला दोन महिने तरी लागतील. तोवर पेटी तुमच्याकडेच आहे." मग चपला घालून गेले.

निशांतला तिने दोन ओळी पाठवल्या. खरं सांगितलं. त्याने काही झालं नाही.

दुपारी तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिल्यापासून शिकवावं लागेल, लहान मुलासारखं. एकच शब्द घ्या. रोज दोन तास. रेषेत बारीकशी थरथर दिसली तरी पेटीने तो शब्द लगेच बोलला पाहिजे, आणि तुम्ही त्याप्रमाणे लगेच केलं पाहिजे. शंभरातल्या दहा जणांना येतं. वर्ष लागू शकतं.

"कुठला शब्द घेऊ?"

"त्यांना सगळ्यांत जास्त जो म्हणायचा असेल तो. बाकीच्यासाठी मेंदू कष्ट घेत नाही."

विमलमावशींनी पडदे ओढून खोलीत अंधार केला होता. तेजलने पेटी शिकवणीच्या पद्धतीवर टाकली. पडद्यावर विचारणा आली: आजचा शब्द? खाली कंपनीने सुचवलेले होते: आई, पाणी, नमस्कार.

तिने त्यातला एकही घेतला नाही. स्वतः दोन अक्षरं टंकली, खुर्ची पुढे सरकवली आणि वडिलांचा हात हातात घेतला.

"नाना," ती म्हणाली, "माझ्यामागे म्हणा. नको."

रेषा सपाट राहिली. तिने दहापर्यंत मोजलं.

"नको," ती म्हणाली. "म्हणा, नाना. नको."